अधिकारी झालात, आता पुढचा अभ्यास कसा कराल

इंदूरला रामबागेत आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा डेहराडूनच्या सैनिकी अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडला, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. दोनच महिन्यांनी तो इंदूरजवळच्या महू छावणीत कोर्ससाठी आला. रविवारी घरी आला की जाड फाइल उघडून बसायचा. वहिनींनी मला विचारलं, "भाऊ, आता तर तो साहेब झाला ना? मग पुन्हा हा अभ्यास कशासाठी?"

प्रश्न मनापासूनचा होता. 'नियमच आहे' एवढंच उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना. मी पायदळात नोकरी केली, महूला विद्यार्थी म्हणून वेगवेगळ्या वेळी येऊन गेलो आणि निवृत्तीनंतर इंदुरातच राहिलो. त्या मुलासाठी चार कागद लिहून काढले होते, तेच थोडे वाढवून इथे मांडतो. नुकती वर्दी चढलेल्या मुलामुलींसाठी हे आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

आधी पुढची वाट बघून घ्या

सैन्यातलं शिक्षण अकादमीत संपत नाही. पहिला टप्पा 'वायओ', म्हणजे यंग ऑफिसर्स कोर्स. तो आपापल्या शाखेच्या शाळेत होतो. पायदळवाले महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये येतात, सिग्नल्सवाले, म्हणजे संदेशवहनाचे, महूच्याच एमसीटीई या दूरसंचार अभियांत्रिकी कॉलेजात, तोफखान्याचे देवळालीला, रणगाड्यांचे अहिल्यानगरला, इंजिनियर्स पुण्यात दापोडीच्या सीएमई या सैनिकी अभियांत्रिकी कॉलेजात. मराठी माणसाला ही गावं परकी नाहीत, पण तिथल्या भिंतीआड काय शिकवतात हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्यानंतर ज्युनियर कमांड कोर्स. कंपनी, म्हणजे सव्वाशेच्या आत-बाहेर जवानांची तुकडी, सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यासाठी असलेला हा कोर्स महूच्या आर्मी वॉर कॉलेजात होतो. हे कॉलेज 1971 मध्ये 'कॉलेज ऑफ कॉम्बॅट' या नावाने सुरू झालं आणि 2003 मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. पलटणीचं, म्हणजे बटालियनचं, नेतृत्व करणाऱ्यांचा सीनियर कमांड आणि त्याच्याही वरचा हायर कमांड हे दोन्ही कोर्स इथेच होतात.

मधे येतो तो सगळ्यात चर्चेचा टप्पा, तामिळनाडूत नीलगिरीत वेलिंग्टनचं डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज. साधारण 45 आठवड्यांचा हा कोर्स मेजर आणि त्या दर्जाचे नौदल-हवाईदलाचे अधिकारी एकत्र करतात, सोबत परदेशी अधिकारीही असतात. या संस्थेचं मूळ आपल्या देवळालीत आहे. 1905 मध्ये स्टाफ कॉलेज तिथे सुरू झालं, 1907 मध्ये क्वेट्ट्याला गेलं आणि फाळणीनंतर भारताच्या वाट्याचं कॉलेज वेलिंग्टनला उभं राहिलं. तिथलं ब्रीद आहे 'युद्धं प्रज्ञया'. तांत्रिक अंगाने जाणाऱ्यांसाठी पुण्यात गिरीनगरच्या मिलिट या सैनिकी तंत्रज्ञान संस्थेत टेक्निकल स्टाफ कोर्स असतो. आणखी पुढे सिकंदराबादचं कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट आणि ब्रिगेडियर दर्जाला दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज, 1960 पासूनचं.

हे सगळं आज पाठ करायची गरज नाही. कॅप्टन 2 वर्षांच्या सेवेला होतो, मेजर 6 आणि लेफ्टनंट कर्नल 13 वर्षांच्या सेवेला. या वर्षांच्या मधे कुठे काय येतं तेवढं एका कागदावर मांडा आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

हे शिकवतात तरी काय?

वहिनींना मी एक प्रसंग सांगितला होता, तोच इथे सांगतो.

मी कॅप्टन होतो. हॉलच्या मधोमध सॅंड मॉडेल मांडलेलं, वाळूचे डोंगर, रंगवलेल्या लाकडाच्या भुशाची झाडी, निळ्या पावडरीचा नाला, पांढऱ्या फितीची पायवाट. डोंगरमाथ्यावर शत्रूचं ठाणं. माझ्या कंपनीने ते कसं घ्यायचं, हे हातात काठी घेऊन मी सांगत होतो. कुठून चढायचं, तोफा कधी धडाडणार, कंपनीतली कोणती प्लाटून, म्हणजे छोटी तुकडी, पुढे, सगळं चोख मांडलं होतं. मनात खूशही होतो.

आमचे डीएस, म्हणजे शिकवणारे अधिकारी, शांतपणे ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पहिल्या टप्प्यात तुझे बारा जवान जखमी झाले. त्यांना खाली कोण आणणार?"

मी म्हटलं, "स्ट्रेचरवाले, सर."

"डोंगर आहे. एका स्ट्रेचरला चार माणसं, बदलीला आणखी चार. गणित कर."

बारा गुणिले आठ, शहाण्णव. माझी कंपनी सव्वाशेच्या आत-बाहेर. म्हणजे जखमींना उतरवायला लागलो तर हल्ला तिथेच थांबला, आणि नाही उतरवलं तर माझी माणसं माझ्या डोळ्यांदेखत रक्त जाऊन मेली. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. डीएसही रागावले नाहीत. "बस आणि पुन्हा लिही," म्हणाले. त्या रात्री मी योजना नव्याने लिहिली. जखमींना उतरवायला मागच्या पलटणीची माणसं आधीच मागून ठेवली, पाणी आणि दारूगोळा घेऊन वर जाणाऱ्या खेचरांच्या परतीच्या फेरीचा हिशेब त्यात धरला, आणि एवढ्यासाठी हल्ल्याची वेळ तासाभराने बदलली.

उच्च सैनिकी शिक्षण म्हणजे माझ्या लेखी ही रात्र. शूरपणा शिकवावा लागत नाही, तो पोरांत असतोच. शिकवावी लागते ती पुढची-मागची गोष्ट एकाच वेळी डोक्यात धरायची सवय. वाळूवर चूक झाली तर खालमानेने बसून पुन्हा लिहिता येतं.

मोठ्या पातळीवरचं उदाहरण द्यायचं तर कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात. पूर्व विभागाचं नेतृत्व करत असताना त्यांनी मार्च 1960 मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेतला. चीन नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, उतरला तर कुठून येईल, आपली पुढची ठाणी किती तग धरतील, रस्त्यांअभावी रसद कशी तुटेल, हे त्यात मांडलं आणि जादा सैन्याची निकड दाखवून दिली. अडीच वर्षांनी, 1962 मध्ये, बरंचसं तसंच घडलं. इशारा ऐकला गेला नाही याची हळहळ आजही वाटते. पण पुढचं असं आधी दिसण्यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास होता, हे नव्या अधिकाऱ्याने लक्षात घ्यायला हवं.

पहिली पायरी: पलटणीत जीव लावा

युनिटमध्ये पोचल्यापोचल्या स्टाफ कॉलेजची पुस्तकं उघडू नका. पहिली दोन वर्षं जवानांची. त्यांच्याबरोबर पळा, लंगरात जेवा, सुभेदारसाहेबांच्या शेजारी बसून ऐका. खेचरावर किती वजन लादतात, बूट किती महिन्यांत झिजतो, ओल्या गणवेशात माणूस किती तास तग धरतो, हे कुठल्याच प्रेसीमध्ये, म्हणजे लष्करी अभ्यासाच्या टिपणांत, नीट लिहिलेलं नसतं. आणि पुढे प्रत्येक परीक्षेत हेच उपयोगी पडतं. खिशात छोटी वही ठेवा आणि रोज एक आकडा लिहा, आज पलटण चढाला तासाला किती चालली, ट्रक भरायला किती वेळ लागला. पाच वर्षांनी ही वही तुमची सगळ्यात मोलाची ठेव असेल.

दुसरी पायरी: जमीन वाचायला शिका

महूला असाल तर एका रविवारी जाम दरवाज्याला जा. अहिल्याबाईंच्या काळातली ही वेस विंध्याच्या कड्यावर उभी आहे आणि खाली निमाड पसरलेलं दिसतं. पावसाळ्यात इंदूरकर तिथे भुट्टे खायला नि फोटो काढायला जातात. तुम्हीही खा. मग कठड्यापाशी बसून वहीत चार गोष्टी लिहा. इथून किती लांबवर दिसतं? खालच्या वाटेने चढणारा माणूस कुठे कुठे दिसेनासा होतो? पाणी कुठे आहे? धुकं आलं तर काय बदलतं? शेवटी एक सगळ्यात मोठा प्रश्न: ही वेस इथेच का बांधली असेल?

महेश्वर आणि माळवा यांच्यामधला घाट आहे हा. ज्याच्या हातात ही जागा, त्याच्या हातात वाहतूक. ही गोष्ट वर्गात ऐकलेली विसरते. तिथे बसून स्वतःला उमगली की जन्मभर राहते. पलटण जिथे असेल तिथे दर महिन्याला अशी एक जागा निवडा. आमच्या भाषेत याला 'ट्यूट' म्हणतात, सैन्य न नेता जमिनीवर केलेला डावपेचांचा सराव. एकट्यानेही करता येतो.

तिसरी पायरी: लिहा, आणि 'मग काय?' विचारा

चांगल्या चांगल्या पोरांची गाडी इथेच अडते. डोक्यात सगळं असतं, पण कागदावर उतरत नाही.

सैनिकी लेखनाचा कणा म्हणजे अप्रिसिएशन, परिस्थितीचं मोजमाप. हेतू काय, जमीन कशी, शत्रू कसा, आपलं बळ किती, वेळ आणि अंतराचं गणित काय, मग पर्याय, त्यांतून एकाची निवड आणि योजना. साचा सोपा आहे. चूक होते ती अशी की, नवा अधिकारी माहिती लिहितो आणि पुढे सरकतो. 'नाल्याला पाणी आहे.' मग काय? 'म्हणून गाड्या पुलाशिवाय पार होणार नाहीत.' मग काय? 'म्हणून पूल शत्रूच्या हाती जाण्याआधी रात्रीच एक प्लाटून तिकडे पाठवायला हवी.' तीन पायऱ्या उतरल्यावर कुठे त्या वाक्याचा उपयोग होतो. तुमच्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने 'मग काय?' लिहून बघा. उत्तर सुचलं नाही तर ती ओळ खोडा.

घरच्या घरी सराव हवा असेल तर एक सोपं काम घ्या. इंदूरहून ऐंशी माणसांचं वऱ्हाड महेश्वरला न्यायचंय, अंतर सुमारे 90 किलोमीटर, मुहूर्त सकाळी अकराचा. बस किती, निघायचं केव्हा, नाश्ता कुठे, घाटात एक बस बंद पडली तर काय, आजींना औषध कोण देणार? एका पानात लिहा आणि घरातल्या सगळ्यात खडूस माणसाला वाचायला द्या. वहिनींच्या मुलाला मी हे दिलं होतं. त्याने मुहूर्ताची वेळ धरून उलटं गणित केलं, पण बसमध्ये बसायला ऐंशी माणसांना किती वेळ लागतो ते धरलंच नाही. वहिनींनी ते एका वाचनात पकडलं!

आठवड्याला एक पान, हाताने, घड्याळ लावून. टायपिंगवर हात बसलेल्यांना तीन तास सलग लिहिणं जड जातं, आणि परीक्षेत तेच करावं लागतं.

चौथी पायरी: इतिहास आपल्या अंगणातला घ्या

सैनिकी इतिहास म्हटलं की पोरं दूरदेशीच्या लढाया घोकतात. अभ्यासक्रमात असतील त्या करायच्याच. पण विचार कसा करायचा हे शिकायला माळव्याइतकी चांगली शाळा नाही.

1804 चा पावसाळा घ्या. कर्नल मॉन्सन ईस्ट इंडिया कंपनीची फौज घेऊन कोट्याजवळच्या मुकुंदऱ्याच्या घाटापलीकडे आला. यशवंतराव होळकर उलटून अंगावर येताहेत म्हटल्यावर त्याने माघार घेतली. रसद अपुरी, नद्यांना पूर, कोट्याने शहरात थारा दिला नाही, तोफा चिखलात रुतल्या म्हणून निकामी करून टाकून द्याव्या लागल्या. बनास नदी ओलांडताना आणखी हाल झाले. ऑगस्टअखेर उरलेली माणसं आग्र्याला पोचली तेव्हा त्या फौजेची रया गेलेली होती. आता लिहा: यशवंतरावांनी काय केलं आणि पावसाने काय केलं? मॉन्सन घाटापाशीच थांबला असता तर? त्याची रसद कुठून यायला हवी होती?

मग तेरा वर्षं पुढे या. 21 डिसेंबर 1817, क्षिप्रेकाठी महिदपूर. त्याच होळकरांची फौज, तोफखाना नावाजलेला, आणि तरी हार. यशवंतराव 1811 मध्येच गेले होते. गादीवर अजाण मल्हारराव, आणि कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना लढाईच्या आदल्याच दिवशी आपल्याच छावणीतल्या गटाने मारलेलं. तोफा होत्या, लढणारे होते, एकमुखी हुकूम देणारं कोणी नव्हतं. पुढे जानेवारी 1818 मध्ये मंदसोरचा तह झाला आणि इंग्रजांची महूची छावणी बसली. आज जिथे आपले अधिकारी युद्धशास्त्र शिकतात, ती छावणी आपल्या पराभवातून उभी राहिली आहे. मला ही गोष्ट नेहमी आतून हलवते. या दोन लढायांवर तीनशे-तीनशे शब्द लिहून बघा, नेतृत्व, रसद, हवामान, एकसूत्री हुकूम हे सगळे मुद्दे आपोआप येतील.

त्याच महूत 14 एप्रिल 1891 रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ सैनिकी शाळेत शिकवत. छावणीत आलात तर जन्मभूमीच्या स्मारकाला जाऊन या.

पाचवी पायरी: परीक्षा

बढतीच्या पार्ट बी आणि पार्ट डी या परीक्षा पुढे ढकलू नका. फील्डमध्ये आहे, वेळ नाही, हे खरं असतं, पण पुढच्या वर्षीही तेच खरं असणार आहे. स्टाफ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत डावपेच, प्रशासन, सैनिकी कायदा, सैनिकी इतिहास, चालू घडामोडी असे विषय येतात. सेवेच्या अटी त्या वर्षीच्या पत्रातच बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. संधी मोजक्या असतात, म्हणून पहिली संधी 'बघू या काय होतं ते' म्हणून वाया घालवू नका.

दोन-तीन जणांचा गट करा. त्यात एक दुसऱ्या शाखेचा हवाच, पायदळवाल्याच्या चुका तोफखान्याच्या माणसाला चटकन दिसतात. कायदा रोज अर्धा तास, कलमं घोकून नव्हे, युनिटमध्ये घडलेल्या प्रसंगाला कोणतं कलम लागेल हे विचारत. चालू घडामोडींसाठी एक वर्तमानपत्र आणि भिंतीवर नकाशा.

आणि हे कळकळीने सांगतो: लष्करी प्रेसी, प्रश्नपत्रिका, सॅंड मॉडेलचे फोटो मोबाइलवरच्या गटांत टाकू नका. अभ्यासाच्या नावाखाली चाललेल्या अनोळखी गटांत तर मुळीच नाही. आपली नेमणूक, युनिटचं ठिकाण कोणी गोड बोलून विचारत असेल तर तिथेच बोलणं थांबवा आणि वरिष्ठांना सांगा.

मुलींनो, हा रस्ता तुमचाही आहे. 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कायम कमिशनची, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीची, दारं मोठी झाली, आणि 2022 मध्ये लष्करातल्या महिला अधिकारी पहिल्यांदाच स्टाफ कॉलेजची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्या.

घरच्यांशी आधीच बोला

परीक्षेच्या आधीचे सहा महिने तुमचं घरात लक्ष नसतं. सुट्टी मिळते ती अभ्यासात जाते. लग्न झालेलं असेल तर जोडीदाराला वर्षाचं वेळापत्रक समोर ठेवून सांगा, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ पुस्तकाविना ठेवा. मी हे उशिरा शिकलो. माझ्या बायकोने तेव्हा काही म्हटलं नाही, पण मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत मी नाही, तो फोटो आजही दिवाणखान्यात आहे.

आईवडिलांनी एवढं समजून घ्यावं: निवड झाली नाही म्हणजे मुलगा नालायक ठरत नाही. उत्तम अधिकारी वेलिंग्टनला न जाताही पलटणी गाजवतात. फक्त त्यांनी वाचणं-लिहिणं सोडू नये. नात्यातल्या मंडळींनी 'अमक्याचा झाला, तुझा का नाही' हे विचारणं थांबवलं तर फार उपकार होतील.

पदवीचंही सांगतो, कारण ते हमखास विचारलं जातं. स्टाफ कॉलेजच्या अभ्यासाला मद्रास विद्यापीठाची एम.एस्सी. जोडलेली आहे. हायर कमांड केलेल्या अनेकांच्या नावापुढे आपल्या इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाची एम.फिल. दिसते. माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्याकडे या दोन्ही आहेत, आणि महूला हायर कमांडच्या विभागात त्यांनी शिकवलंही आहे. निवृत्तीनंतर पदवी कामाला येते हे खरंच, पण तिच्यासाठी म्हणून या वाटेला जाऊ नका.

कोर्सवर पोचल्यावर

निवड झाली, सामान बांधलं, पोचलात. आता पहिल्या आठवड्यात जपून राहा, कारण सगळे हुशारच असतात आणि प्रत्येकाला ते दाखवायचं असतं. सिंडिकेटमध्ये दहा-बारा जण एका टेबलाभोवती बसतात. पहिल्या दिवशी सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याकडून फार शिकायला मिळत नाही. जो नकाशावर वाकून गप्प बसलाय त्याच्या शेजारची खुर्ची धरा.

जुन्या कोर्सच्या उत्तरांचे गठ्ठे हातात येतील, 'पिंक' म्हणतात त्याला, शिकवणाऱ्यांचं छापील उत्तर. ते आधी वाचलंत तर कोर्सचं वर्ष फुकट गेलं समजा. आधी स्वतः सोडवा, चुकीचं का होईना. मग ताडून बघा, आणि आपलं कुठे पटतंय तिथे उभं राहून वाद घाला. चांगल्या डीएसला वाद घालणारा विद्यार्थी आवडतो.

वेलिंग्टनला जून-जुलैत पोचाल तेव्हा पाऊस आणि थंडी दोन्ही असतात, लोकरीचे कपडे वरच्या पेटीत ठेवा. शेजारी बसलेल्या नौदलाच्या अधिकाऱ्याला पहिल्याच चहाला विचारा की, समुद्रावर तो रात्री कशाने जागा होतो. तो तुम्हाला डोंगराबद्दल तेच विचारेल. त्याला ते बारा स्ट्रेचरचं गणित करायला सांगा.